मी, वरच्या ओळीतला लांब स्क्रू

मित्रांनो, मी एका लॅपटॉपच्या पाठीवरचा जुना स्क्रू आहे. लांबी आठ मिलिमीटर. हसू नका. तुमच्या करंगळीच्या नखावर आडवा झोपलो तरी मी मावेन. माणसं एखाद्याला 'याचा एक स्क्रू ढिला आहे' म्हणतात, तेवढीच काय ती आमच्या जातीची आठवण काढतात. मी मात्र कधीच ढिला नव्हतो. माझ्या हातून जे घडलं ते मी घट्ट बसलो म्हणून घडलं. ज्यांना ते सांगायला हवं त्यांना माझं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे पोलादाची तार कापायचे, एका टोकाला ठोकून डोकं काढायचे, डोक्यावर चौफुलीची खाच पाडायचे आणि मग अंगावर आटे कोरायचे. शेवटी काळा रंग आणि कमरेला निळ्या चिकट रंगाचा एक पट्टा, म्हणजे आम्ही हादऱ्यांनी सुटू नये. माझ्याबरोबर एका दिवसात माझ्यासारखे लाखभर जन्मले. आई कोण, बाप कोण, कुणी विचारलं नाही. पण पट्टा बांधला तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

पुढे हातमोजे घातलेल्या एका बाईने मला एका नव्या लॅपटॉपच्या पाठीवर बसवलं. त्या पाठीवर आम्ही दहा जण होतो. बिजागरीकडच्या वरच्या ओळीत चार लांब, मधे दोन आखूड, आणि पुढच्या कडेला चार आखूड. बिजागरीकडे भार जास्त, म्हणून तिथे लांब हवेत. पुढच्या कडेला भोकाखाली लगेच मदरबोर्ड असतो, म्हणून तिथे आखूडच हवेत. वरून बघितलं तर आम्हा दहाही जणांची डोकी अगदी सारखी दिसतात. लांबी कळते ती आम्हाला बाहेर काढल्यावरच. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तो लॅपटॉप एका ताईंनी घेतला. ताई घरी बसून छापखान्यासाठी मजकूर तपासायच्या. दिवसभर परक्या माणसांची वाक्यं वाचायच्या, काना-मात्रा सुधारायच्या, आणि संध्याकाळी डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडायच्या. चार-पाच वर्षांनी त्यांनी कामासाठी दुसरा लॅपटॉप घेतला आणि आमचा कपाटावर गेला. माझं म्हातारपण तिथे धुळीत गेलं असतं तर फार बरं झालं असतं.

त्याच सुमारास ताईंची आई गुडघ्यांनी थकली आणि ताईंकडे राहायला आली. आईने तीस वर्षं एका लाँड्रीत इस्त्री केली होती. तिथे मशीनच्या आवाजात कुणी कुणाचं ऐकत नसे, त्यामुळे तीस वर्षांचं बोलणं तिच्यात साठून राहिलेलं. ती उठल्यापासून बोलायची. ताईंच्या खुर्चीमागे उभी राहून म्हणायची, "अगं, तुला ते सांगितलंच नाही बघ."

"आई, मला आज हे द्यायचंय."

"दोनच मिनिटं."

"तुझी दोन मिनिटं मला माहीत आहेत."

एके दिवशी ताईंनी आम्हाला कपाटावरून काढलं, पुसलं आणि आतल्या खोलीत आईच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवलं. "आई, हे बघ. हा लाल गोल दाबला की सुरू, परत दाबला की बंद. तुला जे सांगायचंय ते याला सांग. मी सवडीने सगळं ऐकते."

आईने त्या लाल गोलावरून बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाली, "बरं. हा तरी मधे बोलणार नाही."

दीड वर्ष ती आमच्याशी बोलली. दुपारी जेवण झालं की पदराने काच पुसायची, लाल गोल दाबायची आणि विचारायची, "ऐकतोस ना रे?" मी ऐकत होतो. मित्रांनो, एवढ्या प्रेमाने माझ्याशी कुणीच बोललेलं नाही. मला ठाऊक आहे, ती माझ्याशी बोलत नव्हती. पण त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

इस्त्रीच्या वाफेने हाताची लव कशी जळायची, लग्नातली साडी कुणाची होती, ताई पहिल्यांदा चालल्या तेव्हा त्या दाराकडे चालल्या की खिडकीकडे, सगळं तिने सांगितलं. आणि एका दुपारी तिने भुऱ्याची गोष्ट सांगितली.

भुऱ्या म्हणजे ताईंचं कुत्रं. ताई बारा वर्षांच्या असताना ते एक दिवस घरातून नाहीसं झालं. ताईंना सांगण्यात आलं की, मावशीने त्याला लांब नेऊन सोडून दिलं. ताईंनी मावशीशी बोलणं टाकलं ते कायमचं. मावशी घरी आली की या उठून जायच्या. मोठ्या झाल्या तरी 'आली का ती' याच्यापुढे गेल्या नाहीत.

आई त्या दुपारी म्हणाली, "भुऱ्याला मी दिला गं. आपल्या दोघींच्या पोटाला पुरत नव्हतं, त्याला काय घालू? टेकडीपलीकडच्या माळ्याला दिला. चांगला जगला तिथे. मी रडत बसले तर मावशी म्हणाली, पोरीला घरात तू एकटी आहेस, तुझ्यावर रुसली तर जाईल कुठे? माझं नाव सांग. म्हणून तिचं नाव सांगितलं. उद्या खरं सांगू, उद्या खरं सांगू करता करता तू म्हातारी व्हायला आलीस. समोर सांगायचं धाडस नाही होत, म्हणून याला सांगते. हे ऐकलंस की मावशीला एक फोन कर. ती वाट बघते."

मग तिने लाल गोल दाबला आणि पदर तोंडाला लावून बसून राहिली.

पुढच्या हिवाळ्यात आई गेली. तीन महिने आम्ही स्टुलावर तसेच होतो. ताई दारापर्यंत यायच्या आणि परत जायच्या. एकदा आत आल्या, लॅपटॉप उघडला, आणि जुना पंखा असा काही घरघरायला लागला की आईचं पहिलंच वाक्य त्यात बुडालं. ताईंनी तो घाईने बंद केला. बहुतेक त्यांना निमित्तच हवं असावं. दुसऱ्या दिवशी आम्हाला पिशवीत घालून त्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेल्या.

दुकान छोटं, एका खिडकीचं. खिडकीशी टेबल, टेबलावर रबराची निळी चटई, वाकवता येणारा दिवा, आणि भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले चिमटे. ते एक नवरा-बायको मिळून चालवायचे. गिऱ्हाइकं त्यांना काका-काकू म्हणत. काकांचा हात फार चांगला. टेबलाच्या लोखंडी पायाला तारेने जोडलेला पट्टा मनगटाला बांधल्याशिवाय ते कुठल्याही यंत्राच्या पोटात बोट घालायचे नाहीत. अंगातली वीज ठिणगी न दिसताही चिप मारते, असं ते म्हणायचे. पाठ उघडली की सगळ्यात आधी बॅटरीचा जोड सोडवायचा, मग बाकीचं. वायर कधी ओढायची नाही, तिच्या टोकाला धरून प्लास्टिकच्या पट्टीने उचलायची. बोर्ड ताटासारखा कडेने धरायचा. पंख्यावर हवा मारताना त्याची पाती बोटाने अडवून धरायची, नाहीतर तो भोवऱ्यासारखा फिरून कामातून जातो.

आणि काकू सांभाळायच्या आम्हाला. एका पुठ्ठ्यावर लॅपटॉपच्या पाठीचा आकार काढायच्या, त्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावायच्या, आणि काकांनी काढलेला प्रत्येक स्क्रू त्याच्या त्याच्या जागेवर उभा करायच्या. काका हात पुढे करायचे, त्या हातावर ठेवायच्या, आणि दोघंही मोठ्याने बोलायचे. "वरचा डावा, लांब." "लांब." काम करताना काकांना लॅपटॉप उलटसुलट फिरवावा लागे. तेव्हा ते म्हणायचे, "फिरवला!" काकू पुठ्ठा तसाच फिरवायच्या आणि म्हणायच्या, "फिरवला!" एकवीस वर्षं हे चाललं होतं. गिऱ्हाइकांना गंमत वाटायची. पण एवढ्या वर्षांत त्या दुकानात एकही स्क्रू चुकीच्या भोकात गेला नव्हता.

आम्ही तिथे पोचलो तेव्हा मात्र दुकानात अबोला होता.

झालं होतं असं की, एका गिऱ्हाइकाला काकूंनी काही सुचवलं, आणि काका त्याला म्हणाले, "तिचं काय ऐकता, ती नुसते स्क्रू सांभाळते." माणसाच्या जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. काकू काहीच बोलल्या नाहीत. त्या दिवशीही नाही, आणि पुढचे एकोणीस दिवसही नाही. काकांना चूक कळत होती, पण मान खाली घालायची कुणी? गिऱ्हाइकांशी दोघं हसून बोलायचे आणि गिऱ्हाईक गेलं की दुकान मुकं व्हायचं. सांगायचंच असलं तर काकू पिवळ्या चिठ्ठीवर लिहून चिकटवायच्या. 'डबा कपाटात.' 'प्लंबर येऊन गेला.' 'छत्री न्या.' सुरुवातीला काका त्या वाचायचे. मग त्यांना त्यातलं अक्षर न् अक्षर टोचायला लागलं आणि त्यांनी वाचणं सोडून दिलं.

आम्हाला काकूंनी घेतलं. काका बाहेर गेले होते. काकूंनी नेहमीचा प्रश्न विचारला, "यातलं महत्त्वाचं दुसरीकडे काढून ठेवलंय ना?"

"नाही हो," ताई म्हणाल्या. "मला कुठे जमतंय! आणि तुम्ही फक्त पंखाच साफ करणार ना? आत माझ्या आईचा आवाज आहे. एकेचाळीस तास. मी त्यातलं काहीच ऐकलेलं नाही. आता आठ दिवस रजा काढलीय. बसून सगळं ऐकणार आहे."

"काही काळजी करू नका. आधी आवाज दुसरीकडे काढतो, मगच हात लावतो."

काकूंनी हे मनापासून सांगितलं होतं. ताई गेल्यावर त्यांनी नोंदवहीत 'पंखा साफ करणे' असं टाकलं आणि चिठ्ठी लिहिली, 'आधी आवाज उतरवून घ्या. दुसरी प्रत नाही.' आणि ती लॅपटॉपच्या झाकणावर, अगदी मधोमध चिकटवली.

मी पाठीला होतो, त्यामुळे ती चिठ्ठी मला दिसली नाही. सगळं नंतर कळलं. दुसऱ्या सकाळी काका आले, त्यांनी झाकणावर पिवळी चिठ्ठी पाहिली, आज पुन्हा काय टोमणा आहे म्हणून नाक मुरडलं, आणि पाठ उघडण्यासाठी लॅपटॉप पालथा घातला. चिठ्ठी चटईला तोंड लावून पडली. काकूंना वाटलं, वाचली. सकाळी लवकर येऊन आवाज उतरवून घेतला असेल. एरवी त्यांनी विचारलं असतं. पण विचारायचं म्हणजे बोलायचं.

काकांनी आम्हा दहा जणांना काढलं. प्रत्येक वेळी न बोलता हात पुढे केला. काकू पाठ अर्धी वळवून बसल्या होत्या, नजर पुठ्ठ्यावर. त्यांनी आम्हाला जिथल्या तिथे उभं केलं. मी वरच्या ओळीत, सगळ्यात डावीकडे. काकांनी बॅटरी सोडवली, पंखा काढला, पाती बोटाने धरून धूळ उडवली, प्रोसेसरवरचं, उष्णता वाहून नेणारं जुनं मलम पुसून तांदळाच्या दाण्याएवढं नवं लावलं. सगळं कसं अगदी नीट. मग बॅटरीचा जोड बसवायला उजेड कमी पडत होता, म्हणून त्यांनी लॅपटॉप खिडकीकडे फिरवला. त्यांचे ओठ हलले. एकवीस वर्षांची सवय, शब्द तोंडापर्यंत आला होता. पण त्यांनी तो गिळला.

पुठ्ठा तसाच राहिला.

जोड बसला. पाठ लागली. काकांनी हात पुढे केला. काकूंनी वरच्या ओळीतला डावा उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला. तो मी होतो. 'लांब' म्हणावं त्यांनी. निदान पुटपुटावं. कुणीच काही म्हणालं नाही, आणि मी पुढच्या कडेच्या आखूड भोकात उतरलो.

मला लगेच कळलं. ते घर माझं नव्हतं. चार मिलिमीटरवर मला तळ लागला. मी अडलो. काका स्वतःच म्हणायचे की, स्क्रू अडला तर तो काहीतरी सांगत असतो, जोर लावू नये. मी जिवाच्या आकांताने सांगत होतो. पण एकोणीस दिवसांचा राग मनगटात उतरला होता. त्यांनी आणखी दोन फेरे दिले. माझं टोक बोर्डात रुतलं, बोर्ड वाकला, आणि पलीकडच्या बाजूला बसवलेल्या काळ्या चिपला तडा गेला. टक्. एवढाच आवाज झाला. त्या चिपमध्येच एकेचाळीस तास होते. मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणतात. आमची कीर्ती ही अशी.

दुसरा लांब स्क्रू भोकाबाहेर डोकं काढून उभा राहिला तेव्हा काका थांबले. करपल्यासारखा वास आला. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, पुठ्ठ्याकडे पाहिलं, आणि एकोणीस दिवसांनी त्यांच्या तोंडून शब्द फुटला.

"फिरवला होता."

काकूंनी वळून पाहिलं. "सांगितलं नाहीत."

"नाही सांगितलं."

"आवाज? आवाज उतरवलात ना आधी?"

"कसला आवाज?"

काकूंनी लॅपटॉप उचलून सुलटा केला. चिठ्ठी झाकणावरच होती, जराशी चुरगळलेली. काकांनी ती त्यांच्यासमोर वाचली. मग ते खुर्चीत बसले. "मी आपलं म्हटलं, छत्रीबित्रीचं असेल," ते म्हणाले. काकूंना खूप काही बोलता आलं असतं. त्या म्हणाल्या, "मी तोंडाने सांगायला हवं होतं."

तीन दिवस काकांनी भिंगाखाली त्या चिपशी झुंज दिली. पण तुटलेल्या आरशाचे तुकडे चिकटवून त्यातला चेहरा परत येत नाही. चौथ्या दिवशी ताई आल्या. हातात नवीन हेडफोन होते, खोक्यासकट.

"झाला का हो पंखा साफ?"

काकांनी उभं राहून सगळं सांगितलं. फिरवल्याचं, अबोल्याचं, चिठ्ठीचं, काही लपवलं नाही. ताई ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "थोडंसं तरी? एखादं वाक्य?" काकांनी नाही म्हणून मान हलवली. त्या रडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या हेडफोनचं खोकं उघडत होत्या, बंद करत होत्या.

"तुम्हाला काय बोलू?" त्या शेवटी म्हणाल्या. "ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहायची. दोनच मिनिटं मागायची. मीच तिला म्हटलं, याला सांग."

काकूंनी त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं. पाणी तसंच राहिलं. "घरी कोण आहे तुमच्या?" काकूंनी विचारलं.

"आता कुणी नाही. एक मावशी आहे. पण तिचं-माझं बोलणं नाही."

मी तेव्हा टेबलावर होतो, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर. काकांनी मला बोर्डातून काढून पुठ्ठ्यावर माझ्या जागी पुन्हा उभं केलं होतं, वरच्या ओळीत, सगळ्यात डावीकडे. माझं टोक वाकलं होतं, निळा पट्टा खरवडून गेला होता. मित्रांनो, त्या एकेचाळीस तासांतला शब्द न् शब्द ऐकलेला या जगात मी एकटा उरलो आहे. आणि ते पुसून टाकणाराही मीच. मला तोंड नाही. असतं तर मी फक्त माळ्याचं नाव घेतलं असतं.

तेवढ्यात ताईंच्या पर्समधला फोन वाजायला लागला. त्यांनी तो काढून पाहिला.

"घ्या की," काकू म्हणाल्या. "आम्ही आत जातो हवं तर."

"नको. मावशीचाच आहे. आई गेल्यापासून दर आठवड्याला करते." त्यांनी बटण दाबून आवाज बंद केला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला, माझ्या शेजारी. तो लाकडावर थरथरत राहिला. मला तो हादरा पायापासून डोक्यापर्यंत जाणवत होता. मग तो थांबला. ताईंनी फोन पर्समध्ये टाकला, मेलेला लॅपटॉप पिशवीत घातला आणि त्या गेल्या.

आता त्या दुकानात पुन्हा 'फिरवला!' ऐकू येतं. काका जरा जास्तच मोठ्याने म्हणतात, काकू लगेच उत्तर देतात. मग दोघंही भिंतीकडे बघतात. मला त्यांनी पुठ्ठ्यासकट खिळ्याला अडकवून ठेवलं आहे. उशिरा सुचलेलं शहाणपण म्हणजे वरातीमागून घोडं, हे त्यांनाही कळतं.

मित्रांनो, एखादं यंत्र उघडलंत तर आधी बॅटरी सोडवा. लांब आणि आखूड वेगळे ठेवा. अडलं तर जोर लावू नका. हे सगळं कुणीही शिकवेल. मी एवढंच मागतो की, भांडा, रुसा, पण कामाचं बोलणं गिळू नका. आणि तुमच्या खुर्चीमागे कुणी दोन मिनिटं मागत उभं असेल, तर त्याला यंत्राच्या हवाली करू नका. यंत्र मधे बोलत नाही हे खरं. पण नंतरही बोलत नाही.

माझ्या पायाखालची पट्टी आता वाळत चालली आहे. एक दिवस मी खाली पडेन आणि केरात जाईन. तोपर्यंत रोज दुपारी, आईच्या वेळेला, मी ते वाक्य मनातल्या मनात म्हणतो, म्हणजे ते निदान कुठेतरी राहील. मावशीला एक फोन कर. ती वाट बघते.